कुंपणापलीकडचं कलिंगड

दहिवलीत भाड्याचं घर बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी आमची नोकरी विचारली नाही, गाव विचारलं नाही, घरात मटण शिजतं का हेही विचारलं नाही. माझ्या नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्यांनी एकच प्रश्न केला.

"बोट दाखवायची सवय आहे का?"

मी शाळेत शिक्षिका, नवरा खोपोलीच्या एका कारखान्यात इंजिनिअर. त्याला वाटलं, यांना भांडखोर भाडेकरू नको असतील. तो म्हणाला, "नाही हो, आम्ही शांत माणसं." तेव्हा घरमालक काकांनी आम्हाला घरामागच्या परसात नेलं आणि जमिनीवर पसरलेल्या वेलांवर मूठ उगारली. वेल कलिंगडाचे होते. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते कुजतं, म्हणून त्या आवारात जे काही दाखवायचं ते मुठीने दाखवायचं असा नियम होता. आमच्या साताऱ्याकडेही भोपळ्याला कोणी बोट दाखवत नाही, त्यामुळे नियमाचं मला नवल वाटलं नाही. आपल्याला छप्पर मिळणार की नाही ते त्यावर ठरतंय, याचं मात्र वाटलं.

छप्पर मिळालं. माडीवरच्या दोन खोल्या, मागे गॅलरी, गॅलरीतून खाली सगळं परस दिसायचं. आणि पहिल्याच रविवारी नवऱ्याने गॅलरीतून "ते बघ, सुपारीएवढं धरलंय" म्हणत चांगलं लांबलचक बोट केलं. काकांनी ते खालून पाहिलं. ते फळ आठवडाभरात पिवळं पडून गळलं. आता बोला. नवऱ्याने खाली जाऊन त्यांना समजावलं की यात बोटाचा संबंध नाही, नर फुलातले पराग मादी फुलाला लागले नाहीत की फळ असंच गळतं, हल्ली मधमाश्या कमी झाल्यात. मोबाईलवर व्हिडिओसुद्धा दाखवला. काकांनी व्हिडिओ दोनदा पाहिला, मान डोलावली आणि म्हणाले, "बरोबर. पण बोट तुमचंच होतं."

दुसऱ्या दिवसापासून मात्र ते फुलांची लग्नं लावू लागले. सकाळी उन्हं यायच्या आत आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते परसात उतरत. नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे सारायच्या, ज्या फुलाच्या मागे इवलंसं कलिंगड असतं त्या मादी फुलाला हलकेच टेकवायचं, आणि टेकवताना तोंडातल्या तोंडात "सावधान" म्हणायचं. लग्न झालेल्या फुलाच्या देठाला लाल दोरा. काकू ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. त्या मला म्हणायच्या, "पोरीच्या लग्नात एवढं वाकले नव्हते गं."

काका एसटीत कंट्रोलर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण माणूस अजून चौकशीच्या खिडकीतच बसलेला होता. सरकारी काही बोलायचं असलं की ते स्वच्छ पुस्तकी मराठीत बोलत. "वेलांना पाणी देण्याची वेळ झालेली आहे. कृपया मोटार चालू करू नये." आणि राग आला की सगळं पुस्तक बाजूला राहायचं: "मोटार कोनी लावली रं? आमी काय मेलो हाय का?" कलिंगड उशिरा पिकतंय असं त्यांना कोणी म्हटलेलं चालत नसे. ते म्हणत, "उशीर नाही. मार्गस्थ आहे."

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि तीच खरी. काकांना ऐकू येत नव्हतं. जवळ येऊन, तोंड समोर करून, मोठ्याने बोललं तर थोडंफार. बाकी शून्य. हे घरातल्या आम्हा सगळ्यांना माहीत होतं, फक्त काकांना कोणी सांगितलेलं नव्हतं. सांगितलं असतं तरी ऐकू आलं नसतं म्हणा. स्वतःहून कबूल करायचा तर प्रश्नच नव्हता. ज्या माणसाने जन्मभर गाड्या पुकारल्या, त्याने आपले कान गेले म्हणून कसं सांगायचं?

त्यांची युक्ती साधी होती. समोरच्याला बोलू द्यायचंच नाही. आमच्या न्हाणीतला नळ गळत होता. मी जिना उतरून सांगायला गेले, की माझं तोंड उघडायच्या आत ते सुरू. आळ्यात राख किती टाकायची, शेणखत कुजलेलंच का हवं, लाल भुंगे पहाटे का वेचायचे. मी म्हणायचे, "काका, नळ." ते म्हणायचे, "हो हो, यंदा फुलोरा चांगला आहे." अखेर मी टपटप गळणारा नळ मोबाईलवर चित्रित करून त्यांच्या नाकासमोर धरला. त्यांनी त्याच दिवशी माणूस आणला, आणि वर मला म्हणाले, "मॅडम, आधी सांगायचं नाही का?" कप्पाळ माझं.

आता ज्याला कलिंगड लावायचंय त्याचं बाकी काही नसलं तरी चालेल, कान हवा. पिकलं की नाही ते वाजवून कळतं. कच्चं टणटण वाजतं, पिकलेलं जड, बसका आवाज देतं. काकांनी हे कधीतरी धडधाकट कानांनी शिकलेलं होतं. त्यामुळे दर हंगामाला कलिंगड उतरवायच्या दिवशी ते आम्हाला सगळ्यांना परसात बोलावत, उकिडवे बसत, फळावर टिचकी मारत, आणि टिचकी मारताना फळाकडे न बघता आमच्या तोंडाकडे बघत. आमच्या चेहऱ्यावर काही उमटतंय का ते शोधत. आम्हा दोघांना कलिंगडातलं ओ की ठो कळत नव्हतं. आम्ही भाडेकरूच्या अदबीने हसायचो. ते त्याला होकार समजायचे आणि कापायचे.

कलिंगड पांढरं निघायचं. कधी फिकट गुलाबी, नवरी नुसती लाजल्यासारखं. एकदा उलट झालं, ते इतकं पिकलेलं होतं की सुरी टेकताच भसकन फुटून काकांच्या इस्त्रीच्या शर्टावर आलं. काका शांतपणे म्हणत, "या जातीचं असंच असतं." कुठली जात, ते कोणी विचारत नसे. काकू ते पांढरं कलिंगड किसून घावनं करायच्या आणि आम्हाला वर पाठवायच्या. घावनं फार सुरेख व्हायची. "लाल कलिंगड असतं असं ऐकून आहे," काकू म्हणायच्या, "बाजारात दिसतं."

काका एवढे इरेला का पेटले होते ते काकूंनीच मला एका दुपारी सांगितलं. परसाला तारेचं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे काकांच्या थोरल्या भावाचं घर. ते जन्मभर भातशेतीत. तरुणपणी उन्हाळ्यात नदीकाठच्या मळईत कलिंगडं लावायचे, आणि त्यांचा कान असा होता की बाजारात टेंपो आला की व्यापारी त्यांना हाक मारून फळं वाजवून घ्यायचे. त्याचा त्यांना गर्वही तसाच होता. साऱ्या आळीत ते टिचक्या मारत हिंडायचे, लोकांच्या भोपळ्यांनासुद्धा. दोघा भावांत वाटणी नीट झाली, विहीर सामाईक राहिली, कोर्टकचेरी काही नाही. मग काकांच्या मुलीचं लग्न ठरलं. व्याही पोशीरचे. ते पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा काकांनी परसातलं पहिलं कलिंगड मोठ्या दिमाखात पाटावर आणून कापलं. ते आतून काकडीसारखं निघालं. आणि थोरले भाऊ व्याह्यांसमोर हसून म्हणाले, "धाकल्या, काकडी कशाला कापलीस रं? कोशिंबीर झालीय की."

व्याही हसले. सगळे हसले. त्या दिवसापासून काका भावाशी बोलले नाहीत. "त्याच्या तोंडातून गोड हाय म्हणून ऐकीन, तेवाच बोलीन," असं त्यांनी काकूंना सांगितलं होतं. भावाकडे जायचं नाही, कलिंगड मात्र दर वर्षी लावायचं. मुलीला मूल झालं, ते शाळेत जायला लागलं, तरी हे चालूच.

"पण काकू," मी म्हटलं, "त्यांनी गोड आहे म्हटलं तरी यांना ऐकू कसं येणार?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि तांदूळ निवडायला घेतले.

तर त्या वर्षी एक वेल हट्टाला पेटला. त्याला कुंपणापलीकडेच जायचं होतं. काका त्याचा शेंडा रोज सकाळी उचलून अलीकडे वळवत, वर दगड ठेवत. दुसऱ्या दिवशी तो तारेला आपले कुरळे ताणे गुंडाळून पलीकडे डोकावतोच आहे. पलीकडे थोरल्यांच्या म्हशीचा उकिरडा होता, आणि वेलाला काका आणि म्हशीचं शेण यांतलं कोण कामाचं ते बरोबर कळलं होतं. महाशिवरात्रीच्या सुमारास त्या उकिरड्याच्या कडेला एक फळ धरलं. देठाला लाल दोरा नव्हता.

मी गॅलरीतून काकांना मूठ दाखवली. ते तारेजवळ गेले, देठ बघायला वाकले, आणि म्हणाले, "याचं लग्न मी लावलेलं नाही. पळून जाऊन केलंय."

बाकीची लग्नाची फळं मुठीएवढी होऊन थांबली आणि हे पळपुटं दिवसागणिक घागरीएवढं झालं. हिरवंगार, पट्टे ओढल्यासारखे. मूळ काकांच्या आळ्यात, फळ भावाच्या जमिनीवर. आता ते कोणाचं? काका बोलत नव्हते, त्यामुळे विचारणार कोण? पण एका सकाळी फळाखाली पेंढा घातलेला दिसला. मग त्याच्यावर ओलं गोणपाट आलं, ऊन लागू नये म्हणून. माकडं आली तेव्हा थोरले काठी घेऊन असे धावले की मला वाटलं दरोडा पडला. काका इकडून पाणी घालत होते, ते तिकडून फळ सांभाळत होते. दोघं तारेच्या दोन बाजूंना, दोन हातांवर, आणि एकमेकांकडे बघायचं नाही. तान्ह्या बाळाचे आईबाप भांडले की घरात असंच असतं.

थोरले बोलायचे, पण म्हशीशी. काका परसात आले की ते म्हशीच्या पाठीवर हात ठेवून मोठ्याने म्हणायचे, "काय गं, लोक पाणी लई मारतात. फळ फुटंल, गोडी जाईल. लोकांना सांगायचं कोनी?" लोक शांतपणे झारी भरत असायचे. थोरल्यांना वाटायचं, ऐकून न ऐकल्यासारखं करतोय. मी काकांना थेट सांगू शकत नव्हते, कारण मग तुम्हाला ऐकू आलं नाही असा त्याचा अर्थ झाला असता. म्हणून मी खाली जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि ओरडून म्हटलं, "काका, मला वाटतं पाणी जरा कमी करावं." ते म्हणाले, "मॅडम, तुमी शाळा बघा." आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी निम्मं. पलीकडे थोरले म्हशीला म्हणाले, "बघ, तुझं ऐकतात लोक." चेहरा असा खुलला होता त्यांचा, की मलाही बरं वाटलं.

मला खात्री वाटायला लागली होती की या फळाने हे प्रकरण मिटणार. आणि तेच फळ सगळं कायमचं मोडायला निघालं.

सुट्टीचा दिवस होता. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. काका आळ्याशी वाकून गवत काढत होते, पाठ तारेकडे. थोरले आले, गोणपाट बाजूला केलं, देठाजवळचा ताणा वाळलाय का ते बोटाने मोडून पाहिलं, आणि गुडघ्यावर बसून फळावर टिचकी मारली. कान लावला. पुन्हा मारली. मग उठले, तारेला दोन्ही हात धरून उभे राहिले, आणि म्हशीकडे न बघता म्हणाले,

"धाकल्या, आज तोड. उद्या नको."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझ्या हातातला टॉवेल हातातच राहिला. आणि काका गवत काढत होते.

थोरले थांबले. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "बघितलंत ना मॅडम? मी बोललो. मी मोठा, मी आधी बोललो. हा पाठ करून बसलाय." "आता माझा नि याचा संबंध संपला. तुमी साक्षी हाव." ते आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मी कपडे तसेच टाकून धावत खाली गेले. काकांसमोर बसले, सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघत ते ऐकलं आणि पुस्तकी मराठीत म्हणाले, "शक्य नाही. तो बोलला असता तर मला ऐकू आलं असतं."

"काका, मी स्वतः ऐकलं."

"आपला काहीतरी गैरसमज होत आहे."

मला इतका राग आला म्हणून सांगू. पण मी काही बोलायच्या आत ओट्यावरून काकू उठून आल्या. त्या नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि एकेक शब्द स्वच्छ करत म्हणाल्या, "तुमाला कुकरची शिट्टी ऐकू येत नाय. नातू फोनवर आजोबा म्हणतो ते ऐकू येत नाय, नुसतं हां हां करता. मी समदं झाकत आले. आज तुमचा भाव बोलला नि तुमाला ऐकू आलं नाय. आता काय झाकू?"

काका त्या आळ्याच्या काठावरच बसले. हातातला गवताचा झुपका खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही. मला रागाच्या जागी एकदम रडू आलं, आणि मी नको तिथे सापडल्यासारखी वर निघून आले.

दुपारी गॅलरीतून पाहिलं तर काका इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडत होते. तारेवरून पाय टाकला असता तर चार पावलांत पोचले असते. ते पुढच्या फाटकाने रस्त्यावर गेले आणि फिरून थोरल्यांच्या फाटकातून, पाहुण्यासारखे आत आले. दार वाजवलं. थोरल्यांनी दार उघडलं पण उंबऱ्यातच उभे राहिले. काकू तारेपाशी, मी आणि नवरा गॅलरीत. लपायचंही भान नव्हतं आम्हाला.

"दादा, मला ऐकू येत नाय," काका म्हणाले.

ज्यांना ऐकू येत नाही ते मोठ्याने बोलतात. आळीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असणार.

"तू सकाळी बोललास, मला ऐकू आलं नाय. लई वर्षं येत नाय. तू म्हशीला काय सांगायचास ते पण नाय. कलिंगड वाजतं ते पण नाय."

थोरले उंबरा उतरून खाली आले. मग त्यांनी तोंड जवळ नेऊन विचारलं, "मग वाजवतोस कशाला?"

"समदे वाजवतात म्हनून."

थोरल्यांच्या चेहऱ्याचं काय झालं ते मला वरून नीट दिसलं नाही. त्यांनी भावाचं मनगट धरलं आणि त्याला ओढतच उकिरड्यापाशी आणलं. दोघं उकिडवे बसले. थोरल्यांनी काकांचा तळवा फळाच्या एका कुशीला दाबून धरला आणि दुसऱ्या कुशीला टिचकी मारली. काका चमकले. थोरल्यांनी मग त्यांचा हात तारेखालून अलीकडच्या एका लग्नाच्या कच्च्या फळावर ठेवून तेच केलं, आणि परत मोठ्यावर आणला. काका डोळे मिटून बसले होते.

"लागलं हाताला?" थोरल्यांनी कानाशी ओरडून विचारलं.

"हे आतून हालतं," काका म्हणाले. "ते नाय हालत."

"हालतं ते पिकलेलं. धर कोयता."

काकांनी देठ कापला. फळ थोरल्यांनी उचललं, आणि तिथेच पेंढ्यावर ठेवून काकांनी ते चिरलं. अर्धं होता होता पुढचं आपसूक चरचरत उकललं. लाल. गॅलरीतून दिसेल एवढं लाल. काकूंनी तोंडाला पदर लावला. माझ्या नवऱ्याने बोट केलं आणि माझ्याकडे बघून पटकन खाली घेतलं.

काकांनी पहिली फोड भावाच्या हातात दिली आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसले. आयुष्यात एवढ्या एका फोडीसाठी मी कुणाला इतकं ताटकळलेलं पाहिलेलं नाही. थोरल्यांनी घास घेतला, बिया बाजूला थुंकल्या, अजून एक घास घेतला, आणि कौतुकाची सवय नसलेल्या माणसासारखं हळू म्हणाले,

"गोड हाय."

काकांनी कानामागे हात धरला. "काय?"

"गोड हाय म्हटलं," थोरले चढ्या आवाजात म्हणाले. ते आम्हाला गॅलरीत ऐकू आलं. रस्त्यावर दुधाची किटली घेऊन चाललेला माणूस थबकला.

काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि चेहरा मात्र अगदी कोरा होता, गाडी कधी लागणार म्हणून विचारणाऱ्यासमोर ठेवावा तसा. "नाय रं दादा. सांगितलं ना तुला, ऐकू येत नाय."

"आता त्यांना ऐकू आलंय," नवरा माझ्या कानाशी पुटपुटला. मी त्याला म्हटलं, गप्प बस.

थोरले उठून उभे राहिले. त्यांनी तोंडाभोवती दोन्ही हात धरले, मळईतून नदीपलीकडच्याला हाक मारतात तसे, आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडले, "धाकल्या, तुझं कलिंगड गोड हाय रं!"

काकांनी मान फिरवली आणि दुसरा कान पुढे केला.

"आता यात सांग."